स्वतःच्या दिवसातलं वाक्य

मॅडमच्या क्लासात खोटं बोलायला बंदी होती. बाहेर तुम्ही गिऱ्हाइकाला टोपी घाला, बायकोला थापा मारा, मॅडमना त्याचं काही सोयरसुतक नव्हतं. पण लाँड्रीच्या माडीवरच्या त्या लांबट खोलीत बसून इंग्रजीत जे वाक्य बोलायचं ते स्वतःच्या दिवसातलं पाहिजे. केलेलं, पाहिलेलं, नाहीतर सोसलेलं. "मांजर चटईवर बसलंय, असलं वाक्य मला नको," त्या पहिल्याच दिवशी सांगायच्या. "तुमच्याकडे मांजर आहे? नाही. चटई आहे? नाही. मग ते वाक्य जिभेवर राहणार कसं? जिना उतरेपर्यंत गळून पडेल."

नियम चांगलाच होता. दिवसभर राबून आलेली माणसं, इंग्रजी म्हटलं की तोंडाला कुलूप घालून बसणारी, आपलं स्वतःचं काही सांगायला मिळतंय म्हटल्यावर खुलायची. बेकरीवाल्या काकू भट्टीबद्दल बोलायच्या, टॅक्सीवाले काका उतारूंच्या तऱ्हा सांगायचे. महिन्या-दोन महिन्यांत माणूस चुकत का होईना, पण बोलायला लागे. मॅडमना त्याचा अभिमान होता आणि तो त्या लपवतही नसत.

अडचण होती ती त्यांच्या कानांची. इतकी वर्षं चुका पकडून पकडून ते कान असे तयार झाले होते की वाक्यातलं क्रियापद लख्ख ऐकू यायचं आणि बाकीचं वाक्य मागच्या मागे वाहून जायचं. एकदा टॅक्सीवाले काका उभे राहून म्हणाले, "माय ब्रदर डाय यस्टरडे." मॅडम म्हणाल्या, "डाइड. शेवटचा ड कुठे गेला? खाल्लात?" आणि पुढच्या बाकाकडे वळल्या. खोली चिडीचूप झाली तेव्हा कुठे त्यांना कळलं की काकांचा भाऊ गेलाय. त्यांनी काकांची माफी मागितली, क्लास अर्ध्यावर सोडला आणि कानाला खडा लावला. तो खडा फार दिवस टिकला नाही.

तर त्या महिन्यात क्रियापद होतं कीप. मॅडमची पद्धत अशी की एक क्रियापद घ्यायचं आणि खालच्या लाँड्रीत चादर पिळतात तसं पिळून कोरडं करायचं. कीप त्यांचं लाडकं. "हे संसारी क्रियापद आहे," त्या खडू उगारून म्हणाल्या. "आपल्याकडे ठेवायला वेगळा शब्द, राखायला वेगळा, पाळायला वेगळा, सांभाळायला वेगळा. इंग्रज एकट्या कीपवर सगळं भागवतो. किल्ल्या कीप, कोंबड्या कीप, दुकान कीप, शब्द कीप. म्हातारी माणसंसुद्धा कीप."

शेवटचं उदाहरण त्यांनी सिस्टरकडे बघून दिलं होतं, आणि सिस्टर किंचित हसली होती.

सिस्टर काही नर्स नव्हती. मॅडमच्या आईला सांभाळायला दादा-वहिनींनी ठेवलेली ती बाई. पांढरा कोट घालायची, म्हणून घरात सगळे सिस्टर म्हणू लागले आणि तेच नाव क्लासातही आलं. तिशी ओलांडलेली, शांत, नखं आखूड कापलेली, हातांना कायम साबणाचा वास. एका रविवारी मॅडम आईला भेटायला गेल्या तर ही खिडकीपाशी उभी राहून गोळ्यांच्या डबीवरचं इंग्रजी वाचत होती. अडखळत होती, पण एकही उच्चार चुकत नव्हता. मॅडमचे कान टवकारले. चौकशी केली तर कळलं की तिला परदेशी जायचंय, तिकडे म्हाताऱ्या माणसांना सांभाळायचं काम आहे, मुलाखत इंग्रजीत होणार आणि बोलता तर येत नाही.

"माझ्याकडे ये," मॅडम म्हणाल्या. "फी-बी काही नको."

"पण मॅडम, संध्याकाळी कसं जमणार? वहिनींना हल्ली ऑफिसातून यायला सात वाजतात, दादा तर त्याहून उशिरा येतात. आजींजवळ कोण बसणार?"

"ते मी बघते. तू फक्त ये."

आणि त्यांना खरंच बघायचं होतं, बरं का. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहिनींना फोन लावला. वहिनी मीटिंगमध्ये होत्या, "ताई, मी नंतर करते" म्हणाल्या. तो नंतर काही आला नाही. तेवढ्यात सिस्टर क्लासला यायला लागली. ती येतेय म्हणजे काहीतरी सोय झाली असणार, असं मॅडम धरून चालल्या. ताई बोलावतायत म्हणजे त्यांनीच सोय केली असणार, असं वहिनी धरून चालल्या. दादाचं तर सोडाच, त्याने आयुष्यात कधी काही धरलं नव्हतं.

पहिल्या धड्याला सिस्टर मागच्या बाकावरून उठली. कोटाच्या आतून तिने काळा गोफ बाहेर काढला. त्याला दोन किल्ल्या होत्या.

"आय कीप द कीज हिअर," ती म्हणाली.

"वा! पण हिअर म्हणजे कुठे? गळ्यात. अराउंड माय नेक."

"आय कीप द कीज अराउंड माय नेक. वन की, हाउस. वन की, आजीज रूम."

"आजीज रूम! एस खाल्ला नाहीस, शाबास!" मॅडम सगळ्यांना म्हणाल्या, "ऐका जरा. दोन दिवस झाले नाहीत हिला येऊन."

खोलीला किल्ली कशाला लागते, हे कुणी विचारलं नाही. मॅडमनी तर नाहीच. त्या फळ्यावर अराउंड लिहीत होत्या.

पुढचा धडा होता माणसाला किंवा वस्तूला एखाद्या अवस्थेत ठेवण्याचा. दुकान उघडं ठेवणं, पाव गरम ठेवणं. बेकरीवाल्या काकूंनी "आय कीप द ब्रेड वॉर्म" अगदी न अडखळता म्हटलं आणि स्वतःच टाळी वाजवली. टॅक्सीवाले काका म्हणाले, "आय कीप माय माउथ शट. वाइफ टॉक." मॅडमनी टॉक्स करून घेतलं. मग सिस्टर उठली.

"आय कीप हर क्लीन. आय कीप हर क्वाएट."

"अहो, आमच्याकडे पण पाठवा हिला," टॅक्सीवाले काका म्हणाले आणि खोली खदखदून हसली. मॅडमच सगळ्यांत जास्त हसल्या.

त्या हसल्या, कारण हर म्हणजे कोण ते त्यांना ठाऊक होतं. त्यांच्या आईचं तोंड म्हणजे अखंड चालणारी गिरणी. कुणाची सून कशी वागते, दूधवाला पाणी किती घालतो, मॅडमनी लग्न का केलं नाही, केलं असतं तर आज काय चित्र असतं, सगळ्यांचा समाचार. दिवसातून चार वेळा फोन. क्लास चालू असला तरी फोन, आणि उचलला नाही तर खालच्या लाँड्रीवाल्याला फोन. म्हातारपणी विसरायला लागली तेव्हा बोलणं कमी होईल असं वाटलं होतं, पण ते उलट वाढलं. मग तेच तेच, ओरडून, दार वाजवून. शेजारी तक्रार करू लागले. वहिनी रडकुंडीला आल्या. आणि सिस्टर आल्यापासून सगळं कसं गप्प झालं. फोन बंद झाले. मॅडमना त्या शांततेचं बरं वाटलं होतं. वाईट वाटायला हवं होतं, पण बरं वाटलं होतं, आणि या गोष्टीचा त्या फार विचार करत नसत.

त्या रविवारी त्या आईकडे गेल्या. दादा टीव्हीसमोर, वहिनी कपड्यांच्या घड्या घालत होत्या. आईची खोली मागच्या बाजूला. खोली लखलखीत. चादरीला एक सुरकुती नाही, औषधं ट्रेमध्ये उंचीप्रमाणे मांडलेली. आई खिडकीपाशी हातांच्या खुर्चीत बसलेली, केस विंचरून घट्ट वेणी घातलेली. कमरेभोवती एक ओढणी, मागे खुर्चीला गाठ मारलेली.

"हे काय गं?" मॅडमनी विचारलं.

"पडू नयेत म्हणून," सिस्टर म्हणाली. "पुढे झुकतात ना झोपेत."

पटण्यासारखं होतं. मॅडम आईसमोर स्टुलावर बसल्या. आईचे डोळे अर्धवट मिटलेले. मॅडमनी तिच्या गालाला हात लावायला पुढे केला, तशी आईने तोंड उघडलं. आ करून, जीभ जरा बाहेर काढून, तशीच थांबली. मॅडमना हसू आलं आणि भरूनही आलं. एकेकाळी या तोंडापुढे कुणाची टाप नव्हती! त्यांनी पर्समधून बिस्किट काढलं, तुकडा मोडून त्या जिभेवर ठेवला. "बघ की, अगदी बाळ झालीय माझी," त्या म्हणाल्या. आईने बिस्किट चावलं नाही. ते तिच्या जिभेवरच विरघळलं आणि हनुवटीवरून ओघळलं. सिस्टरने रुमालाने पुसून घेतलं.

निघताना आईने त्यांची बोटं पकडली. पकड मजबूत होती, त्या झोपाळू डोळ्यांना न शोभणारी.

"ती जाते," आई म्हणाली.

"कोण जाते, आई?"

"ती जाते."

"कुणी कुठे जात नाही. सगळे इथेच आहोत." त्यांनी एकेक बोट हळूच सोडवून घेतलं. दारात सिस्टर उभी होती, हातात पाण्याचा पेला घेऊन. घरी जाताना मॅडम उगाच आपली बोटं चोळत राहिल्या, पण म्हातारी माणसं असं काहीतरी बोलतातच, अशी त्यांनी मनाची समजूत घातली.

मग आला शब्द पाळण्याचा धडा. कीप युअर वर्ड. हा मॅडमचा खास आवडता, कारण त्यावर त्यांना थोडं प्रवचन देता येई. त्यांनी ते दिलं. क्लासातला एक वॉचमन म्हणाला की मालकाने पगारवाढीचा शब्द पाळला नाही, बेकरीवाल्या काकू म्हणाल्या की त्यांच्या मुलाने सिगारेट सोडायचा शब्द पाळला. सिस्टर उठली. आज तिने उठायला वेळ लावला. कोटाची बटणं चाचपली, घड्याळाकडे बघितलं. क्लासला यायला लागल्यापासून तिची नजर सारखी घड्याळाकडे जात असे. मग मॅडमच्या डोळ्यांत सरळ बघत म्हणाली,

"मॅडम, यू डिड नॉट कीप युअर वर्ड."

खोलीत कुणीतरी "ओहो" केलं. खालच्या मजल्यावर इस्त्रीच्या यंत्राची वाफ फुसकन सुटली. मॅडमचा चेहरा मात्र उजळला.

"डिड नॉट कीप! केप्ट नाही म्हणाली! ऐकलंत? डिड आलं की क्रियापद मूळ रूपात. मी हे शिकवलंसुद्धा नव्हतं अजून!" त्यांनी खडू खाली ठेवून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांनी वाजवल्या. सिस्टर उभीच राहिली. तिला अजून काही बोलायचं होतं असं बेकरीवाल्या काकूंना वाटलं, कारण त्या तिच्या शेजारी बसत. पण टाळ्या थांबेपर्यंत मॅडम पुढच्या माणसाकडे गेल्या होत्या आणि सिस्टर खाली बसली. ती का बसली, तिचं काय म्हणणं होतं, एवढी एक गोष्ट त्या वेळी विचारली असती तर बरंच काही वाचलं असतं. पण हे नंतर सगळ्यांनाच कळतं.

त्यानंतर सिस्टरची वाक्यं आखूड होत गेली. चुका राहिल्याच नाहीत. एखाद्या गोष्टीपासून लांब ठेवण्याचा धडा झाला तेव्हा ती म्हणाली, "आय कीप हर फ्रॉम द डोअर." फ्रॉम बरोबर जागी होतं. मॅडमनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी उजळणीला म्हणाली, "आय कीप हर अस्लीप अंटिल आय गो बॅक."

"अंटिल! वा!" मॅडम म्हणाल्या.

"कोणाला हो झोपवता?" बेकरीवाल्या काकूंनी मराठीत विचारलं. त्यांच्या कपाळाला आठी होती.

"काकू, मधे मराठी नाही," मॅडमनी दटावलं. "विचारायचं असेल तर इंग्रजीत विचारा. हूम डू यू कीप अस्लीप. बोला."

काकू ओशाळल्या. हूम त्यांच्या जिभेला जमेना. दोनदा प्रयत्न करून त्यांनी नाद सोडला. सिस्टर उत्तर द्यायला तोंड उघडून थांबली होती, तिने ते मिटलं. खरं सांगायचं तर त्या संध्याकाळी खोलीतल्या प्रत्येकाला काहीतरी खटकलं होतं. टॅक्सीवाल्या काकांनी विनोद केला नाही. वॉचमन निघताना सिस्टरला वाट देत भिंतीला चिकटून उभा राहिला. ज्या बाईला सगळ्यांत आधी खटकायला हवं होतं ती फळा पुसत होती आणि उद्याच्या धड्यासाठी मनातल्या मनात उदाहरणं जुळवत होती.

उद्याचा धडा शेवटचा होता. कीप लावून पुढे क्रिया: एखादी गोष्ट करत राहणं. पाऊस पडत राहतो, मूल रडत राहतं. सिस्टरची मुलाखत पुढच्याच आठवड्यात होती, म्हणून मॅडमनी तिला पुढच्या बाकावर बसवलं. आज तिला जास्त वाक्यं द्यायची, असं ठरवूनच त्या आल्या होत्या. सगळ्यांचं झाल्यावर त्या तिच्यासमोर हाताची घडी घालून उभ्या राहिल्या.

"हं, सिस्टर. समज मी मुलाखत घेणारी. तुझ्या पेशंटबद्दल सांग."

सिस्टरचे डोळे लाल होते. ती उभी राहिली, बाकाची कड धरून.

"शी कीप्स अवेक नाउ," ती म्हणाली. "टॅब्लेट इज नॉट इनफ. आय गिव्ह टू. शी कीप्स पुलिंग द क्लॉथ. शी कीप्स हिटिंग द डोअर."

"छान. छानच. कीप्सचा एस प्रत्येक वेळी. पुढे?"

"शी कीप्स कॉलिंग यू."

"यू नाही," मॅडम लगेच म्हणाल्या. "मुलाखत घेणाऱ्याला ती कशाला हाक मारेल? कॉलिंग हर..."

त्या थांबल्या. डॉटर म्हणायचं होतं त्यांना. कॉलिंग हर डॉटर. ते वाक्य त्यांच्या तोंडात तयार होतं, आणि तयार असतानाच त्याचा अर्थ त्यांना लागला. हातातला खडू मोडला. मग मागची सगळी वाक्यं एकामागून एक त्यांच्या कानात परत आली, एकही चूक नसलेली. गळ्यातल्या किल्ल्या. क्वाएट. फ्रॉम द डोअर. अंटिल आय गो बॅक. या खोलीत खोटं बोलायला बंदी होती आणि ती त्यांनीच घातली होती.

भिंतीवरचं घड्याळ त्यांनी आज पहिल्यांदा सिस्टरच्या नजरेने बघितलं. वहिनी घरी यायला अजून बराच वेळ होता.

"आत्ता आईजवळ कोण आहे?" त्यांनी मराठीत विचारलं.

"कोणी नाही," सिस्टर म्हणाली.

"कोणी नाही म्हणजे?"

"कोणीच नसतं, मॅडम. मी इथे असते ना." मग तिचा आवाज एकदम चढला, इतक्या दिवसांत पहिल्यांदा. "मी रोज सांगत होते! तुम्ही म्हणालात, ते मी बघते. मी वाट बघितली. तुम्ही म्हणालात, इथे खरं बोलायचं. मी रोज उभं राहून सगळ्यांसमोर खरं बोलले. तुम्ही एकदा तरी नको म्हणालात?"

मॅडमच्या तोंडचं पाणी पळालं.  मग टॅक्सीवाले काका उठले, खिशातून किल्ली काढली आणि म्हणाले, "चला. गाडी खालीच आहे."

गाडीत मॅडम पुढे बसल्या, सिस्टर मागे. रस्त्यावर दुकानांची शटरं अर्धी खाली आली होती, ऑफिसं सुटली होती, सिग्नलला गाड्यांची रांग. काका हॉर्नवरचा हात काढत नव्हते. मॅडम सारख्या मागे वळून विचारत होत्या.

"दोन दिल्यास? दोन गोळ्या?"

"आज दोन. काल दीड. आधी अर्धीत झोपायच्या. आता लागू पडत नाही."

"डॉक्टर काय म्हणाले होते?"

"रात्रीला अर्धी."

"मग तू..."

"वहिनी म्हणाल्या, काहीही कर पण गप्प ठेव, शेजारी पोलिसांना बोलावतील. तुम्ही म्हणालात, क्लास चुकवू नकोस. मी एकटी कुठेकुठे पुरणार?" ती खिडकीबाहेर बघत होती. "माझी मुलगी पण कुणाकडे तरी ठेवलेली आहे, मॅडम. मी पण रोज विचार करते, ती बाई तिला काय देत असेल."

मॅडमना तिच्या थोबाडीत मारावीशी वाटली आणि तिचा हात धरावासाही वाटला. दोन्ही केलं नाही. त्यांच्या छातीत एकच धडधड होती, दोन गोळ्या, दोन गोळ्या, आणि देवाला त्या काय म्हणत होत्या ते त्यांनाही कळत नव्हतं.

घराच्या जिन्यावर त्या दोनदा ठेचकाळल्या. सिस्टरने गोफ गळ्यातून काढला. मॅडमनी किल्ल्या तिच्या हातातून हिसकावल्या, पण कुलपाचं भोक त्यांना सापडेना. शेवटी सिस्टरनेच दार उघडलं. घरात अंधार, सगळं आवरलेलं. पंखे बंद. मागच्या बोळकंडीच्या टोकाला आईच्या खोलीचं दार बंद.

"आई!" मॅडमनी हाक मारली.

आतून काही आवाज नाही. दुसरी किल्ली फिरली. दार आत ढकललं तर ते बोटभर सरकलं आणि अडलं. पलीकडे काहीतरी जड होतं. सिस्टर ओरडली, "मी खुर्ची खिडकीपाशी ठेवली होती! खिडकीपाशीच ठेवली होती!"

काकांनी खांदा लावला. "हळू, हळू," मॅडम म्हणत होत्या, "हळू हो, तिला लागेल," आणि त्याच वेळी स्वतः दोन्ही हातांनी दार रेटत होत्या. खुर्चीचे पाय फरशीवर करकरत मागे सरकले. फटीतून आधी एक वहाण दिसली, मग सुटलेली वेणी.

आई खुर्चीतच होती. ओढणी कमरेला तशीच, गाठ न सुटता इतकी आवळली गेलेली की पोटावर वळ उठले असणार. खुर्चीसकट उड्या मारत, घसटत ती खिडकीपासून दारापर्यंत आली होती. फरशीवर चारी पायांचे ओरखडे उमटले होते. दाराच्या आतल्या बाजूला, खुर्चीत बसून हात पोचेल तेवढ्या उंचीवर रंग उडालेला होता. तो एका संध्याकाळचा नव्हता. तिच्या बोटांच्या टोकांना रक्त सुकलं होतं.

मान छातीवर पडलेली. मॅडम गुडघ्यांवर बसल्या. त्यांनी आईच्या नाकापाशी हात धरला. किती वेळ काहीच लागलं नाही, मग अगदी हलका, ऊन श्वास हाताला लागला. मॅडमच्या तोंडून हुंदका फुटला. "आहे," त्या म्हणाल्या, "आहे, आहे. काका, डॉक्टर..." काका आधीच फोन लावत होते. मॅडमनी गाठीवर नखं लावली, गाठ सुटेना, दातांनी ओढली, शेवटी काकांनी खिशातल्या चाकूने ओढणी कापली. आईचं अंग सैल होऊन मॅडमच्या खांद्यावर आलं. ते किती हलकं झालं होतं हे त्यांना रविवारी कळलं नव्हतं, कारण रविवारी त्यांनी तिला कधी उचलून घेतलंच नव्हतं.

"आई. अगं, मी आहे. मी आले."

पापण्या हलल्या. डोळे उघडायला वेळ लागला. मग ते उघडले आणि मॅडमच्या चेहऱ्यावर येऊन स्थिरावले. ओळख आहे की नाही, सांगता येत नव्हतं.

"बोल गं," मॅडम म्हणाल्या. अख्खं आयुष्य त्यांनी लोकांना बोलतं केलं होतं. "काहीतरी बोल. शिव्या दे मला. लग्न का नाही केलंस म्हण. फोन का नाही उचललास म्हण. आई, बोल ना!"

आईची नजर त्यांच्या खांद्यावरून मागे गेली. तिथे दारात सिस्टर उभी होती, पांढऱ्या कोटात, हात लोंबते सोडून. आईने तिच्याकडे बघितलं, परत लेकीकडे बघितलं. मग सोललेले ओठ वेगळे झाले. मॅडम कान पुढे करून वाकल्या. शब्द काही आला नाही. आईने नुसता आ केला, जीभ जरा बाहेर काढली आणि शहाण्यासारखी थांबली.

"नाही, आई, नाही. काही द्यायचं नाहीये तुला," मॅडम रडत म्हणाल्या. त्यांनी दोन्ही तळहात उघडून तिच्या डोळ्यांसमोर धरले, उलटेसुलटे करून दाखवले, रिकामे आहेत म्हणून. तरी ते तोंड मिटेना.